अकरा हजार चारशे बारा नकार

गुन्वोर म्युक्लेबुस्त या बाईला कशाची भीती वाटत नसे, ते सांगणं सोपं आहे. यादी छोटी आहे. अंधाराची वाटत नसे, कारण आमच्याकडे उत्तरेला हिवाळाभर अंधारच असतो. एकटेपणाची वाटत नसे, कारण बावन्न वर्षांत त्याची सवय झाली होती. बाकी झाडून सगळ्याची वाटे. पुलावरून गाडी नेताना ती काच खाली करून ठेवी, म्हणजे पाण्यात पडलोच तर बाहेर निघता यावं. हॉटेलात गेली की खोलीत बॅग ठेवण्याआधी जिना शोधून येई. शेगडी बंद केली की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून परत फिरणं कमी व्हावं म्हणून ती रोज निघताना शेगडीचा फोटो काढी, आणि तिच्या फोनमध्ये आता बंद शेगडीचे चारशे फोटो होते.

लोक हसत. पण ती हेल्लेविकाची आहे हे कळलं की हसू आवरतं घेत.

हेल्लेविका म्हणजे खाडीच्या काठावरची चाळीसेक घरं, आणि समोर पाण्यातून सरळ वर गेलेला स्कार्वहामरचा कडा. या कड्याला माथ्याजवळ एक भेग आहे आणि ती दरवर्षी बोटभर रुंदावते. एक दिवस कडा खाडीत उतरणार, आणि उतरला की खाडीचं पाणी उठून तीन मिनिटांत गावावर येणार, हे तिथल्या पोराला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं. म्हणून हेल्लेविकात घरात शिरताना काढलेले बूट उलटे फिरवून, टोकं दाराकडे करून ठेवायची रीत आहे. पळायची वेळ आली तर बूट वळवण्यात क्षण जायला नको. गुन्वोर ओलेसुंद शहरात तिसऱ्या मजल्यावर राहायला येऊन तीस वर्षं झाली, तरी तिचे बूट अजून दाराकडे तोंड करून असत.

अशा बाईला नोकरीही भिण्याचीच मिळाली. डोंगरांवर नजर ठेवणारे प्रोग्रॅम करणारी चौदा माणसांची एक छोटी कंपनी होती. तिथे ती टेस्टर होती, म्हणजे प्रोग्रॅमचं काय काय वाईट होऊ शकतं ते आधी घडवून बघायचं. स्कार्वहामरचं कामही याच कंपनीकडे होतं. त्यात तीन मशीन होती. एक कड्याच्या खांद्यावरच्या झोपडीत, ते भेगांत रोवलेल्या बासष्ट सेन्सरांकडून मोजमापं गोळा करी. दुसरं नगरपालिकेच्या पहाऱ्याच्या खोलीत, त्याच्या स्क्रीनवर डोंगर हिरवा, पिवळा, नारंगी किंवा लाल दिसे. तिसरं म्हणजे गावातल्या भोंग्याच्या खांबावरची पेटी. झोपडीतल्या मशीनने हुकूम दिला की भोंगा वाजायचा. तिघांच्या ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या, म्हणजे स्वभाव वेगळे.

गुन्वोरचं खास काम होतं मेमरीचं. प्रोग्रॅम चालताना घडीघडीला मशीनकडे जागा मागत असतो. स्वयंपाक करताना ओट्यावर लागते तशी: हे जरा ठेवू दे, ते जरा पसरू दे. मशीन देतं. रात्रंदिवस देतं, म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची अशी समजूत होऊन बसते की ते देणारच. मग एखाद्या दिवशी ओटा भरलेला असतो आणि मशीन म्हणतं, जागा नाही. शहाणा प्रोग्रॅम अशा वेळी हातातलं काम आवरतं घेतो, पहारेकऱ्याला फोन लावतो आणि सांगतो की माझ्याच्याने होत नाही, तुम्ही बघा. बावळट प्रोग्रॅमचे हातपाय गळतात आणि तो जागच्या जागी कोसळतो.

तो दिवस यायची वाट न बघता गुन्वोर तो आणत असे. तिने स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. कचेरीत त्याला सगळे तिची नकारघंटा म्हणत. तो मशीनच्या दारात उभा राही. पहिल्या फेरीत पहिल्याच मागणीला नाही म्हणे. प्रोग्रॅम सावरतो की पडतो ते ती बघे. दुसऱ्या फेरीत पहिलीला हो, दुसरीला नाही. तिसऱ्या फेरीत तिसरीला. अशा अकरा हजार चारशे बारा मागण्या, तितक्याच फेऱ्या, आणि तेही तिन्ही मशीनवर. नऊ दिवस लागत.

"माझा प्रोग्रॅम आहे का सवतीचं पोर?" स्टाइनार म्हणे. प्रोग्रॅम त्याने लिहिलेला. एकसष्ट वर्षांचा, हुशार आणि तितकाच तिरसट माणूस. "किती छळशील बाई?"

"एक हजार सहाशेव्या नकाराला मेलं तुझं पोर," ती म्हणे. "'जागा संपली' ही पाटी दाखवायला गेलं. पाटी दाखवायलाही जागा लागते."

स्टाइनार चरफडत जाई आणि दुरुस्त करून आणी. तीन वर्षांत त्यांनी एकेक करून सगळे नकार पचवले. शेवटच्या अहवालावर गुन्वोरची सही होती: अकरा हजार चारशे बारापैकी अकरा हजार चारशे बारा पास. त्या रात्री ती गोळी न घेता झोपली, आणि हे तिच्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही. कारण त्या कड्यासमोर, काठापासून चौथ्या घरात, तिची ब्याऐंशी वर्षांची आई योरुन राहत होती.

ऑक्टोबरात कडा हलायला लागला.

आधी दिवसाला तांदळाच्या दाण्याएवढा, मग दोन दाण्यांएवढा. पातळी नारंगी झाली. काठचा रस्ता गाड्यांना बंद केला. गावकऱ्यांनी चढणीवरच्या सभागृहात किती वेळात पोचायचं याची तालीम ठरली आणि प्रत्येक घरी फोन गेले. मंगळवारी साडेअकराला गुन्वोर कचेरीत डबा उघडून बसली होती, पावावर तपकिरी चीज, तेवढ्यात नगरपालिकेच्या बाईचा फोन आला.

"तुमची आई तालमीला आलीच नाही. मी तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा म्हणाल्या, हो गं, बघते की."

"तिचं तसंच असतं," गुन्वोर ओशाळून म्हणाली.

"नाही म्हणाल्या असत्या तर मी कुणाला तरी पाठवलं असतं हो! हो म्हणाल्यावर मी काय करणार? निश्चिंत राहिले."

फोन ठेवून गुन्वोरने पाव उचलला. योरुनने आयुष्यात कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. आमच्या खाडीकाठी ते बरं दिसत नाही. समोरच्याला हो म्हणायचं आणि मग आपल्याला हवं ते करायचं. सगळे तसेच आणि सगळ्यांना ते ठाऊक. पाहुण्यालाही ठाऊक असतं की हा हो पोकळ आहे, आणि तरी तो त्यावर विसंबतो.

पाव तोंडाजवळ जाऊन थांबला.

तिने तिन्ही मशीनच्या दारात नकार उभा केला होता. पण झोपडीतल्या मशीनचा स्वभाव काय होता? ते मशीन आईसारखं होतं. ते नाही म्हणतच नसे. कुणीही कितीही जागा मागितली तरी हो, घे, म्हणे. खरोखर आहे का ते नंतर बघे. प्रत्यक्ष ओटा भरला आणि दिलेला शब्द पाळता येईना की ते नकार देत नसे. ते सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला प्रोग्रॅम हेरी आणि त्याला एका शब्दाने न सांगता मारून टाकी. त्या मशीनवर सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला एकच होता. स्टाइनारचा.

म्हणजे तिथले अकरा हजार चारशे बारा नकार तिच्या घंटेचे होते. त्या मशीनने तिला कधीच नकार दिला नव्हता आणि देणारही नव्हतं. प्रोग्रॅमला सावरायला शिकवलेलं सगळं व्यर्थ, कारण सावरायची वेळ त्याच्यावर येणारच नव्हती. मरण थेट येणार होतं.

आणि हे तिला ठाऊक होतं, हे सगळ्यात भयंकर. या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. वीस वर्षांपूर्वी ती हे शिकली होती. पण स्वतः बनवलेल्या नकाराला ती इतकी सरावली होती की खरा नकार येतो का हे विचारायचं राहून गेलं. पाव तिने तसाच कागदात गुंडाळला.

झोपडीतल्या मशीनचं जुळं भावंड कचेरीच्या कपाटात होतं. बुधवारी तिने ते बाहेर काढलं, नकारघंटा बाजूला ठेवली आणि त्याची जागा खरोखर संपवायला घेतली. कडा निखळतो त्या तासाला बासष्ट सेन्सर किती बोंबलतील त्याचा अंदाज करून तितकी मोजमापं त्यात सोडली. रोजच्या शंभरपट. शेजारी पहाऱ्याच्या खोलीतल्यासारखी स्क्रीन लावली आणि हातात घड्याळ घेऊन बसली.

सहा मिनिटं काही झालं नाही. सातव्या मिनिटाला प्रोग्रॅम नव्हता. पाटी नाही, फोन नाही, आवाज नाही. आणि स्क्रीनवरचा डोंगर नारंगीचा नारंगीच राहिला. वादळात झोपडीचा संपर्क दोन-चार मिनिटं तुटतो, मग उगाच घबराट नको, म्हणून पंधरा मिनिटं शेवटचंच मोजमाप दाखवत राहायचं, असं त्यांनी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. बैठकीत सगळे हो म्हणाले होते. गुन्वोरही. चार मिनिटांनी मशीनने प्रोग्रॅम पुन्हा उठवला, तो त्या पुरात शिरला आणि पुन्हा मेला. भोंग्याला हुकूम गेलाच नाही. ती त्या नारंगी डोंगराकडे बघत राहिली. पाण्याला तीन मिनिटं लागणार होती.

तिने तीनदा तेच केलं. तिन्ही वेळा तेच झालं.

कंपनीचा प्रमुख सिंद्रे तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, भला माणूस. वाद निघाला की कॉफी आणायला उठणारा. गुरुवारी तिने त्याला आणि स्टाइनारला हे दाखवलं, तेव्हा तोही उठला नाही.

"पण अहवालावर सही तुझीच आहे ना?" स्टाइनार म्हणाला.

"माझीच."

"तीन वर्षं माझी सालटी काढलीस. एकेका नकारासाठी."

"काढली. आणि त्या मशीनवरची सगळी फुकट गेली. चूक माझी आहे, तसं लिहून देते. आता काय करायचं ते सांग."

स्टाइनारने खुर्ची पुढे ओढली. तिची आई कुठे राहते हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "मागायचंच नाही. सुरू होतानाच लागेल तेवढी सगळी जागा घेऊन टाकायची, आणि तोंडी 'हो'वर विसंबायचं नाही. कानाकोपऱ्यात लिहून बघायचं, खरंच आहे का. नंतर एक कणही मागायचा नाही. भरलं तर जुनी मोजमापं टाकून द्यायची."

"आणि तरी मेला तर?"

"तर भोंग्याने स्वतः वाजायचं. झोपडीने दर सेकंदाला 'आहे' म्हणायचं. मिनिटभर आवाज आला नाही की भोंगा."

"वादळात उगाच वाजेल," सिंद्रे म्हणाला.

"वाजू दे," गुन्वोर म्हणाली. इतक्या मोठ्याने ती कचेरीत कधी बोलली नव्हती.

"नारंगी पातळीत कुणी मशीनला हात लावत नाही गं," सिंद्रे म्हणाला. "बदलायचं म्हणजे ते बंद करावं लागेल. चाळीस मिनिटं तरी. तेवढा वेळ डोंगरावर कुणाचंच लक्ष नसेल."

"आत्ता आहे असं वाटतंय का तुला?"

सिंद्रेने नगरपालिकेला फोन लावला. ठरलं ते असं: पुढच्या मंगळवारी अकरा ते अकरा चाळीस. तेवढा वेळ एक माणूस दुर्बीण घेऊन खाडीच्या तोंडाशी बसेल आणि गावातल्या प्रत्येकाने आधीच वर सभागृहात यायचं. प्रत्येक घरी फोन गेले. योरुन म्हणाली, हो गं, बघते की.

मंगळवारी गुन्वोर पहाटेच निघाली. गाडी वर सभागृहापाशी लावली आणि खडीच्या वाटेने खाली उतरली. गावात चिटपाखरू नव्हतं. समोर कडा, ओला आणि काळा. त्याच्यावरून मधूनच खडे सुटत, आणि पाण्यात पडल्याचा आवाज जरा उशिरा येई. प्रत्येक आवाजाला ती थांबून वर बघत होती. साडेदहा झाले होते.

आई स्वयंपाकघरात कॉफी पीत बसली होती. पायांत लोकरीचे जाड मोजे.

"अगंबाई, तू? बस, कॉफी घे."

"आई, चल. अर्धा तास उरलाय."

"हो हो. चलू या की. कप तेवढा धुते."

कप धुतला. पुसला. मग ओटा पुसला. मग म्हणाली, तू हो पुढे, मी आलेच. गुन्वोर दाराशी आईचे बूट आणायला गेली. रीतीप्रमाणे टोकं दाराकडे करून ठेवलेले होते. तिने हात घातला तर आत धूळ होती आणि एका बुटात कोळ्याने जाळं विणलं होतं.

बूट हातात घेऊन ती परत आली. पावणेअकरा.

"आई, हे कधीपासून घातले नाहीत?"

"असतील आठ-पंधरा दिवस."

"आई!"

"ओरडू नकोस. येते म्हटलं ना."

"येते म्हणू नकोस!" गुन्वोर रडायलाच लागली. "हो म्हणू नकोस गं. मला सगळ्यांचं हो ऐकून ऐकून धडकी भरली आहे. एकदा काय ते खरं सांग."

योरुनने फडकं घडी करून ठेवलं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण कड्याकडे नाही, दारापुढच्या पायऱ्यांकडे.

"नाही," ती म्हणाली. "नाही येणार. मला पायऱ्या उतरवत नाहीत. मार्चपासून. आर्नफिन सामान आणून देतो, त्याला सांगितलं गुडघा दुखतोय, बरा होईल. तो चढ मला जन्मात चढायचा नाही. आणि गावासमोर कुणी मला पोत्यासारखं उचलून न्यावं हे मला नको. समजलं? नाही."

गुन्वोर तितकीच घाबरलेली होती, पण आता काहीतरी करता येत होतं. आठ महिने आई हो म्हणत होती आणि कुणालाच काही करता आलं नव्हतं. तिने परसातल्या छपरीतून बटाट्यांची ढकलगाडी काढली, तिच्यात मेंढीचं कातडं अंथरलं, आणि वरच्या वाटेवर उभं राहून शेजाऱ्याच्या नावाने हाक मारली. आर्नफिन मेंढ्या वर नेऊन या दोघींसाठी चढावर थांबलाच होता. सत्तरीचा, पण खांदे बैलासारखे.

"योरुन, तुला बटाट्यांच्या भावात नेतोय बघ," तो म्हणाला.

"गप रे. हळू चालव."

दोघांनी तिला बूट चढवून, धरून पायऱ्या उतरवल्या, ढकलगाडीत बसवलं आणि ढकलत चढावर नेलं. अकराला सात मिनिटं असताना ते सभागृहाच्या दारात पोचले. गाव बघत होतं. एका बाईने योरुनच्या हातात कॉफीचा कप दिला. मग चाळीस मिनिटं सगळे समोरच्या कड्याकडे बघत उभे राहिले. गुन्वोरने फोन दोन्ही हातांत धरला होता. अकरा अडतीसला स्टाइनारचा फोन आला.

"प्रोग्रॅम उठला. सगळी जागा घेतली, कोपरा न कोपरा लिहून बघितला. आता तो कुणाचं देणं लागत नाही. रडतेस काय?"

"नाही," ती म्हणाली. खरं म्हणजे रडत होती.

त्या दुपारी कडा आणखी जोरात सरकला आणि गावकऱ्यांना वरच ठेवलं. योरुन ओलेसुंदला यायला तयार नव्हती. तसं तिने सरळ सांगितलं. ती चढणीवर आर्नफिनच्या बहिणीकडे राहिली. शुक्रवारी हालचाल जरा मंदावली, म्हणून नगरपालिकेने दुपारी बारा ते तीन रस्ता गाड्यांना खुला करून लोकांना घरी जाऊन सामान आणायची मुभा दिली. अकराला आईचा फोन आला.

"मी खाली जातेय. फ्रीजरमध्ये वर्षाची मासळी आहे. वीज तोडली तर सडेल."

"आई, नको जाऊस. तुझ्या पाया पडते. आर्नफिन आणेल."

"नाही. त्याला कॉड कळत नाही की हेरिंग कळत नाही. जाणार म्हणजे जाणार."

पूर्वीची आई हो म्हणाली असती आणि गुपचूप गेली असती. गुन्वोरला काही पत्ताच लागला नसता. तिने लगेच आर्नफिनला फोन केला. "ती ऐकत नाही. तिला गाडीतून ने, आणि गाडी परसात नको, दारातच ठेव. तोंड चढाकडे करून."

"बुटांसारखी," आर्नफिन म्हणाला.

"बुटांसारखी."

शुक्रवारी कंपनीत वॅफल असतात. भाजल्याचा गोड वास कचेरीभर सुटला होता. गुन्वोर बाराला स्क्रीनसमोर बसली ती उठलीच नाही. एका कोपऱ्यात झोपडीचं 'आहे', 'आहे', 'आहे' येत होतं. सेकंदाला एक.

एक चाळीसला मोजमापं वाढली. आधी दहापट, मग पन्नासपट. तिने हाक मारली. स्टाइनार वॅफल हातात घेऊन आला आणि ते हातातच राहिलं. बासष्टच्या बासष्ट सेन्सर एकदम बोंबलत होते. गेल्या आठवड्यात बुधवारी तिने कपाटातल्या मशीनमध्ये सोडला होता तोच पूर, पण आता तो खरा होता आणि त्याच्या खाली तिची आई मासळी निवडत होती.

एक सत्तेचाळीस. सातवं मिनिट. 'आहे' आलं नाही.

एक सेकंद. दोन. चार. स्टाइनारने टेबलाची कड धरली. सात. आठ. पहिल्यांदाच तिच्या मनात कुठली यादी नव्हती, जिना नव्हता, काच नव्हती; नुसती आई, लोकरीच्या मोज्यांत. नऊ. दहा.

'आहे.'

'आहे. आहे. आहे.' अडलेले सगळे एकदम आले आणि त्यांच्यामागून भोंग्याचा हुकूम. स्क्रीनवरचा डोंगर लाल झाला. स्टाइनारने वॅफल टेबलावर ठेवलं. गुन्वोरने आईला फोन लावला. वाजत राहिला. आर्नफिनला लावला. वाजत राहिला. पुन्हा आईला. अशी अठरा मिनिटं, आणि ती कशी गेली ते तिने मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दोन वाजून पाच मिनिटांनी स्क्रीनवरचे एकोणचाळीस सेन्सर एका क्षणात गप्प झाले. कडा गेला होता.

दोन वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. आधी नुसता वारा, माणसांची कालवाकालव, कुणाचं तरी रडणं.

"गुन्वोर?"

"आई! आई, कुठे आहेस?"

"वर. गाडीत. आर्नफिन धापा टाकतोय, माझ्याशी बोलत नाही." आवाज कापत होता. "मी घाबरले गं. आयुष्यात एवढी घाबरले नाही."

"मी पण."

"चौथं घर नाही आता. तिसरंही नाही." मग अगदी हळू म्हणाली, "बूट राहिले की गं दारात. मोज्यांतच आले."

"असू दे, आई."

"नीट ठेवले होते. टोकं दाराकडे करून."